अंधाराला पावती नसते

गरिबाकडं गरीब असल्याचा पुरावा मागायचा, हा धंदा फक्त आपल्या तहसील कचेरीतच चालतो असं कुणी समजू नये. ज्यांनी आपल्याला कचेरी शिकवली त्या इंग्लंडातही तो जोरात आहे. फरक एवढाच, तिथला कारकून हसून बोलतो. कागद मात्र तोच मागतो.

दोस्तहो, यंदाचं संपादकीय मी विजेच्या मीटरवर लिहितोय. तुम्ही म्हणाल, क्रांती सोडून मीटर कुठं? पण माणसाची मान पकडायला आता पाटलाच्या वाड्यावर न्यावं लागत नाही. ती त्याच्याच घराच्या भिंतीवर, एका डब्यात पकडता येते.

ब्रिटनमध्ये सुमारे 40 लाख घरांत प्रीपेड मीटर आहे. आधी पैसे भरा, मग वीज आणि गॅस. कोपऱ्यावरच्या दुकानात किल्ली नाहीतर कार्ड न्यायचं, पाच-दहा पौंड भरायचे, घरी येऊन मीटरात घालायचं. पैसे संपले की अंधार. ही युक्ती नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या कामगारवस्त्यांत पेनी टाकून गॅस मिळवायची मीटरं आली. शंभरावर वर्षं झाली, पेनीची किल्ली झाली, किल्लीचं मोबाईल ॲप झालं. तत्त्व बदललं नाही: श्रीमंताला उधार, गरिबाला रोख.

आणि हे मीटर गरीब स्वतः निवडतो असंही नाही. बिल थकलं की कंपनी कोर्टाचं वॉरंट काढून ते बसवू शकते. 2022 साली 6 लाख लोकांना असं प्रीपेडवर ढकललं, हा आकडा सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेनं दिला. त्याच वर्षी 32 लाख लोकांचं मीटर पैशाअभावी बंद पडलं, हेही तिनंच सांगितलं. फेब्रुवारी 2023 मध्ये ‘टाइम्स’नं छापलं की ब्रिटिश गॅसच्या वसुलीवाल्यांची माणसं आजारी, लेकुरवाळ्या लोकांच्या घरांची कुलपं फोडून ही मीटरं बसवतायत. तेव्हा कुठं नियामकानं सक्तीची मीटरं थांबवायला लावली. पुढं नियम करून, अटी घालून ती परत सुरू झालीच.

आता मुद्द्यावर येतो.

इंग्लंड-वेल्समध्ये 2009 पासून डेट रिलीफ ऑर्डर नावाची सोय आहे. ज्याच्याकडं घर नाही, शिल्लक नाही, त्याचं कर्ज वर्षभर गोठवतात आणि वर्षानं माफ होतं. 2024 साली तिची 90 पौंडांची फी रद्द झाली, कर्जाची मर्यादा 50 हजार पौंड झाली. चांगलं झालं. जे चांगलं त्याला चांगलंच म्हणावं. पण दारात एक काटा लावलेला आहे. घरखर्च वजा जाता महिन्याला 75 पौंडांपेक्षा जास्त उरता कामा नयेत. उरले तर तू ‘देऊ शकतोस’. मग जा, हप्ते भर.

तिथल्या एका शहरात कर्जबाजाऱ्यांच्या सल्लाकेंद्रात मी काही काळ फॉर्म भरायला बसत होतो. तिथं हा काटा कसा फिरतो ते बघितलं. रात्री कचेऱ्या झाडणारी एक बाई. दोन पोरं. वीज-गॅस धरून आठवड्याला 40 पौंड लागतात. ती भरते 20. उरलेले 20 जातात सावकार कंपनीच्या हप्त्याला, कारण फोन थांबत नाहीत. पोरं कोट घालून झोपतात. फॉर्मवर लिहायचं काय? तिनं खरं ते सांगितलं: 20. आठवड्याचे 20 म्हणजे महिन्याचे 86 पौंडांच्या वर. हे 86 तिनं थंडीत कुडकुडून वाचवले. आणि कर्जाचा हप्ता घरखर्चात धरत नाहीत. म्हणजे कागदावर तिच्याकडं महिन्याला 86 पौंड उरले. पंच्याहत्तरच्या वर. बाई श्रीमंत झाली की राव!

समजलं का? तिची थंडी हीच तिची शिल्लक ठरली. ज्यानं जास्त सोसलं त्याला मदत कमी.

बरं, 40 लागतात असं लिहावं तर पुरावा आण. बिल भरणाऱ्याच्या घरी कंपनीचा कागद येतो, त्यावर नाव, पत्ता, आकडा. प्रीपेडवाल्याकडं काय असतं? दुकानातली चिठ्ठी. तीही उष्णतेनं छापलेली, महिन्या-दोन महिन्यांत कोरी होणारी. कार्डानं पैसे दिले तर बँकेच्या उताऱ्यावर दुकानाचं नाव येतं, पण दूध, पाव आणि वीज एकाच रकमेत. रोख दिले तर तेही नाही. आणि ज्या रात्री मीटर बंद होतं त्या रात्रीची तर चिठ्ठीच नसते. उजेडाला पावती मिळते. अंधाराला पावती नसते.

वर आणखी एक मार. दिवसाचा ठरीव आकार मीटर बंद असलं तरी चढत राहतो. जुनी थकबाकी असेल तर प्रत्येक भरण्यातून तिचा वाटा आधी कापला जातो. दहा भरले, हाती आठाची नाहीतर सहाचीच वीज. कारकून विचारतो, दहा गेले कुठं?

म्हणून आपली जी पोरं-पोरी तिकडं शिकायला, राबायला गेलीत, भाड्याच्या खोल्यांत चौघात एक किल्ली वापरतायत, त्यांना माझं सांगणं सरळ आहे. चिठ्ठी मिळाली की त्याच दिवशी तिचा फोटो काढा. कंपनीकडं बारा महिन्यांच्या भरण्याचा हिशेब मागा. टाळाटाळ केली तर माहिती-संरक्षण कायद्याखाली लेखी मागा. तो फुकट मिळतो, महिन्याच्या आत उत्तर द्यावं लागतं. एका उन्हाळी महिन्यावरून खर्च लिहू नका, हिवाळा धरून वर्षाची सरासरी काढा. मीटरवर थकबाकी किती, आठवड्याला किती कापतात, ते वाचून वेगळं लिहा. आणि ज्या दिवशी वीज गेली ती तारीख वहीत लिहा. किती तास, घरात कोण होतं, का भरता आलं नाही. ती वही सल्लागारापुढं ठेवा आणि सांगा, हा आमचा खर्च नाही, ही आमची उपासमार आहे. गरज किती ते धरा.

इकडच्यांनी हसू नये. आपल्याकडं तर ते दारसुद्धा उघडलं नाही. 2016 च्या दिवाळखोरी कायद्यात ‘नवी सुरुवात’ नावाची तरतूद लिहिली. वर्षाचं उत्पन्न 60 हजार, मालमत्ता 20 हजार, कर्ज 35 हजारांच्या आत असेल, स्वतःचं घर नसेल, तर कर्जमाफी. लिहिली, आणि वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवली. कारखानदारांचा भाग मात्र 2016 मध्येच धावायला लागला. बचतगटाच्या नावावर मायक्रोफायनान्सचा हप्ता भरणाऱ्या आपल्या आयाबहिणींना त्याचा पत्ताही नाही.

आणि मीटर? 2024 साली महाराष्ट्रात स्मार्ट प्रीपेड मीटर यायला निघालं. लोक रस्त्यावर आले तेव्हा सरकारला बोलावं लागलं की सामान्य घरगुती ग्राहकाला प्रीपेड लावणार नाही. बिहारात ते घरोघर पोचलंय. पुढं काय वळण घेतील त्यावर डोळा ठेवा. झोपडपट्टीत खोलीमालकाच्या सबमीटरवर मनमानी दरानं पैसे मोजणाऱ्याकडं तर आजही कसलाच कागद नाही.

1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्यासोबत वीजही बाबासाहेबांकडं होती. वीज मुबलक हवी, स्वस्त हवी, तिच्यावर देश उभा राहील, असं त्यांनी मांडलं. वीज ही त्यांनी दारिद्र्यातून बाहेर पडायची वाट मानली. आज तीच वीज माणसाला दारिद्र्यात मोजून ठेवायचं माप झालीय.

तेव्हा मागणी स्पष्ट करू. ज्या कंपनीच्या यंत्रात पैसा-पैशाची नोंद असते तिनंच हिशेब द्यावा; गरिबाला चिठ्ठ्या गोळा करायला लावू नये. मीटर किती वेळा, किती तास बंद पडलं तेही त्या हिशेबात छापावं. आणि कर्जमुक्ती ठरवताना माणसानं किती भरलं ते बघू नये, घर उबदार ठेवायला किती लागतं ते बघावं.

ते देईपर्यंत आपली वही आपणच लिहायची. आपल्या अंधाराची नोंद आजवर दुसऱ्या कुणी ठेवलेली नाही.