पोटदुखीचे सोंग?

बेळगावच्या विमानतळामुळे सांबरा या गावाचे नाव परप्रांतीयांच्या कानी गेले. गोमंतकाचे त्या पट्ट्याशी नाते मात्र भाजीपाल्याचे. सांबरा, मुतगे, निलजी या भागातील एखाद्या शेतकऱ्याच्या घरातली सकाळ वाचकांनी डोळ्यांपुढे आणावी. बाप शेतावर गेलेला, शाळेची वेळ झालेली, आणि आठनऊ वर्षांची पोर बेंबीवर हात दाबून ओसरीवर बसलेली. आजी हिंग उगाळते, आई दृष्ट काढते, आणि काका हसून म्हणतो, ‘शाळेच्या वेळेलाच बरे दुखते हिचे!’ दुपारी ती पोर अंगणात खेळताना दिसली की काकाचे म्हणणे सर्वांना पटते. चार दिवसांनी पुन्हा तेच. हे चित्र सांबऱ्याचे तसेच म्हापशाचे आणि फोंड्याचेही आहे.

काकाचा निष्कर्ष चुकीचा आहे, हे आम्हांस आज आग्रहाने सांगावयाचे आहे. ब्रिस्टल येथील बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली व त्यांच्या सहकारी नेश यांनी 1958 साली एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत शंभरांतील दहाअकरा मुलांना असे वारंवार पोट दुखण्याचा त्रास आढळला. ॲप्ली यांचे एक निरीक्षण आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाते: दुखण्याची जागा बेंबीपासून जितकी दूर, तितकी शरीरात काही विकार असण्याची शंका अधिक. बहुसंख्य मुलांच्या तपासणीत काहीच सापडत नाही. परंतु ‘काही सापडले नाही’ याचा अर्थ ‘काही दुखत नाही’ असा होत नाही. आतड्याला स्वतःचे मज्जातंतूंचे जाळे असते आणि त्याचा मेंदूशी अखंड संवाद चालतो. एखाद्या जुलाबाच्या आजारानंतर किंवा मनावरील ताणामुळे हे जाळे हळवे होते. मग पोटातला साधा वायूही कळ होऊन जाणवतो. परीक्षेच्या दिवशी ज्यांना दोनदा शौचास जावे लागले आहे, त्या मोठ्यांना तरी हे समजावे.

सोंग म्हणून दटावणे ही एक चूक, तर घाबरून धावाधाव करणे ही दुसरी. एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे, सोनोग्राफीवर सोनोग्राफी, सलाईन, इंजेक्शन; पैसा जातो आणि मुलाच्या मनात आपल्याला काही भयंकर झाले आहे ही समजूत घट्ट बसते. जंतांचे औषध अवश्य द्यावे. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळांतून त्याची गोळी मिळू लागली. पण गोळी घेऊनही दुखत राहिले तर ‘जंतच असणार’ हा हट्ट सोडावा. आजीच्या हिंगाने अपाय नाही, आणि तिच्या हाताच्या उबेने आराम पडतो हेही खरे. मेळघाटात मात्र तान्ह्या मुलांचे पोट फुगले की तापल्या लोखंडाने डागण्या देण्याचे प्रकार अजून घडले आहेत. त्याला उपचार म्हणणे हे पाप आहे.

अमेरिकेत लिन वॉकर यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आयांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मुलांच्या पोटात मुद्दाम अस्वस्थता निर्माण केली असता, ज्यांचे पालक सारखी दुखण्याचीच विचारपूस करीत होते त्यांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या. ज्यांचे मन दुसरीकडे वळवले त्यांच्या निम्म्यावर आल्या. म्हणून ‘दुखते हे खरे आहे, पण ते थांबेल’ असे एकदा शांतपणे सांगावे, दर तासाला विचारू नये, आणि शाळा शक्यतो चुकवू देऊ नये. अर्थात काही खुणांपुढे हे धोरण चालणार नाही. वजन घटणे वा वाढ खुंटणे, झोपेतून उठवणारी कळ, हिरवी उलटी, शौचातून रक्त, रेंगाळणारा ताप, घरात क्षयाचा रुग्ण, किंवा उजव्या कुशीत खाली एका जागी दुखणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. सांबऱ्याहून बेळगाव फार दूर नाही.

सीमाभागात या दुखण्याला आणखी एक पदर आहे. 1956 साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. परंतु मुरडा, कळ, गोळा, जळजळ, ढवळणे ही पाच निरनिराळी दुखणी आहेत आणि निदानाची निम्मी वाट या शब्दांवरून जाते. मोडक्या कन्नडमध्ये ‘होट्टे नोवु’ एवढेच सांगता येणाऱ्या मराठी आईकडून सरकारी डॉक्टरला यातले काय कळणार? मग तपासण्या वाढतात, ऐकणे कमी होते. हाच अन्याय आमच्या वास्कोत कन्नड मजुराच्या लेकरावर होतो, हे सांगितल्याशिवाय आम्हांस बेळगावकडे बोट दाखवण्याचा अधिकार नाही. दोन्ही भाषा जाणणारी एक परिचारिका बाह्यरुग्ण विभागात बसवावयास कोणत्याही न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

आणि शेवटी, ज्याचा उल्लेख सभ्य माणसे टाळतात तो विषय. मुलांच्या पोटदुखीचे एक अत्यंत सामान्य कारण साधा मलावरोध हे आहे, आणि शाळेचे शौचालय घाण किंवा कोरडे असेल तर मुले दिवसभर शौच दाबून धरतात. मुली तर पाणी पिणेच सोडतात. 2014 च्या स्वच्छ विद्यालय मोहिमेत शौचालये बांधली गेली. त्यांतल्या किती नळांना आज सकाळी दहा वाजता पाणी असते, किती दारांना आतून कडी आहे, आणि तासाच्या मध्ये हात वर करणाऱ्या मुलाला बाई बाहेर जाऊ देतात की बसवून ठेवतात, हे गोवा आणि बेळगाव येथील शिक्षण खात्यांनी पुढच्या सोमवारी स्वतः जाऊन पाहावे.