जपानच्या जुन्या दुकानाचा फोटो टाकताय, तर भट्टीपुढं कोण उभं आहे तेही बघा

गेले दोन आठवडे गावातल्या निम्म्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. जपानमध्ये म्हणे शंभर-शंभर वर्षांची खाण्याची दुकानं आहेत, कारण ते लोक आपलं सोडत नाहीत आणि बाहेरच्याला घुसू देत नाहीत. खाली रामेनच्या वाडग्याचा फोटो. त्याच्या पाठोपाठ, बहुतेक त्याच नंबरांवरून, नगरपरिषदेला द्यायच्या निवेदनाचा मसुदा येतोय: स्टँडसमोरच्या मोमो-चायनीजच्या गाड्या 'बाहेरच्यांच्या' आहेत, त्या हटवा. सह्या गोळा करणं चालू आहे.

मंडळी, या मुद्द्यासाठी रामेनइतका चुकीचा पदार्थ शोधूनही सापडला नसता.

ज्यांनी खाल्लेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. रामेन म्हणजे रश्श्यातल्या गव्हाच्या शेवया. पण साध्या शेवया नव्हेत. आपण पापडात पापडखार घालतो ना, त्याच जातीचं क्षाराचं पाणी त्या पिठात घालतात. त्याला कान्सुई म्हणतात. पिवळसर झाक आणि तो चिवटपणा त्यातूनच येतो. ही युक्ती चिनी. १८५९ मध्ये योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं, तिथं चिनी वस्ती झाली आणि त्या वस्तीतल्या खाणावळींतून हा पदार्थ जपानी जिभेवर गेला. १९१० मध्ये कानइची ओझाकी या कस्टममध्ये नोकरी केलेल्या गृहस्थांनी टोकियोच्या आसाकुसा भागात 'राइराइकेन' काढलं. मालक जपानी, भट्टीवर योकोहामाहून आणलेले चिनी आचारी. रामेनचा इतिहास सांगणारे बहुतेक जण याच दुकानाचं नाव आधी घेतात. तेव्हा पदार्थाचं नावच 'शिना सोबा', म्हणजे चिनी शेवया. आजही जुन्या दुकानांच्या पाटीवर 'चूका सोबा' दिसतं. अर्थ तोच.

पुढं युद्धात हरल्यावर जपानात तांदळाचे हाल झाले. अमेरिकेचा गहू आला आणि शेवयांच्या गाड्या गल्लोगल्ली लागल्या. ज्या पीएल ४८० कायद्याखाली आपल्याकडे गहू आणि लाल मिलो यायचा (घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, तोंड वाकडं करतील), त्याच कायद्याखाली तिकडंही गहू उतरला. आणि १९५८ मध्ये इन्स्टंट रामेन बाजारात आणणारे मोमोफुकू आंदो जन्मले तैवानमध्ये.

आता या 'आपल्या' पदार्थातलं बाहेरचं काढून टाका. वाडग्यात सोया सॉस उरेल.

बाहेरच्याला हटवायचा प्रयोग त्या देशानंही करून बघितलाय. १ सप्टेंबर १९२३ ला टोकियो-योकोहामात मोठा भूकंप झाला. कोरियन लोकांनी विहिरीत विष टाकलं अशी अफवा उठली. व्हॉट्सअप नव्हतं, तरी शहरभर पोचली. जमावांनी, काही ठिकाणी पोलीस आणि सैनिकांनीही, हजारो कोरियन माणसं मारली. शेकडो चिनीही मेले. चिनी मजुरांची मोठी कत्तल झाली ती टोकियोच्या ओजिमा भागात.

माझा भाचा त्याच ओजिमात राहतो. सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिथल्या उंच इमारतींच्या वसाहतीत आता भारतीय कुटुंबं बरीच आहेत, मराठीही आहेत. म्हणजे तिथले 'बाहेरचे' आज आपण आहोत. आपल्या गावातल्या किती घरांतली पोरं परदेशात आहेत, ते निवेदनावर सही करणाऱ्यांनी मनातल्या मनात मोजावं.

गेल्या दिवाळीनंतर मी त्याच्याकडं गेलो होतो. असले फॉरवर्ड तेव्हाही येतच होते, म्हणून मुद्दाम म्हटलं, मला एखादं जुनं रामेनचं दुकान दाखव. त्यानं नेलं. तिसरी पिढी चालवतेय. नाव लिहीत नाही, कारण मालकांना विचारलेलं नाही. दारावर कापडी पडदा, आत एक लांब फळी आणि नऊ खुर्च्या. आधी मशीनमध्ये पैसे टाकून कुपन घ्यायचं. मशीन नवी हजाराची नोट घेईना. जुलै २०२४ मध्ये तिकडं नोटा बदलल्या, पण मशीन बदलायला खर्च येतो, तो छोट्या दुकानांना जड जातो. भाच्यानं खिसे चाचपून जुनी नोट काढली. रस्सा कोंबडीचा आणि सुक्या मासळीचा. वास आला आणि मला थेट आपल्या बाजारातली सुकटवाल्यांची रांग आठवली. वर डुकराच्या मांसाचे दोन काप, बांबूचे कोंब, कांद्याची पात. साडेआठशे येन, आपले पाचशेच्या आत. चव झकास होती, खोटं कशाला सांगू.

मालक सत्तरीच्या पुढचे, बोलणं कमी. पण शेवया उकळून, जाळीत झटकून वाडग्यात टाकणारा पोरगा नेपाळचा होता. आम्ही मराठीत बोलतोय हे ऐकून त्यानं विचारलं, "भैया, इंडिया से?" पोखऱ्याजवळच्या गावचा. जपानी भाषा शिकायला आलाय. विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला २८ तास काम करता येतं, ते तो इथं करतो. मालकांचा मुलगा कंपनीत नोकरीला आहे, दुकानाकडं फिरकत नाही, असं त्यानंच सांगितलं. मी विचारलं, रस्सा कोण लावतं? तर म्हणाला, "सुबह मालिक लगाते हैं। लेकिन नाप मुझे भी पता है।"

ज्या दुकानाचा दाखला आपण इथं बसून देतोय, त्याचं माप पोखऱ्याच्या पोराला माहीत आहे. आणि ते त्याला मालकानं शिकवलंय, पोरानं चोरलेलं नाही.

शिकवणं हे तिकडं नवीन नाही. टोकियोच्या हिगाशी-इकेबुकुरोतल्या 'ताइशोकेन'चे काझुओ यामागिशी हे रामेनच्या दुनियेतलं मोठं नाव. स्वतः नागानोहून शहरात आलेले. १९६१ मध्ये दुकान काढलं. शेवया वेगळ्या, रस्सा वेगळा, बुडवून खायचा असा 'त्सुकेमेन' त्यांनी रुजवला. शिकायला आलेल्यांना कृती दिली, दुकानाचं नावही वापरू दिलं. २००७ मध्ये पुनर्विकासात ते जुनं दुकान बंद झालं, तर पुढच्याच वर्षी जवळच पुन्हा सुरू झालं. २०१५ मध्ये ते गेले. ताइशोकेनच्या पाट्या अजून आहेत.

जपान स्वर्ग आहे असं मी म्हणत नाही. जुलै २०२५ च्या निवडणुकीत 'जपानी फर्स्ट' म्हणणाऱ्या सानसेइतो पक्षानं वरिष्ठ सभागृहाच्या १४ जागा जिंकल्या. म्हणजे आपल्या निवेदनवाल्यांचे भाऊबंद तिकडंही आहेत. पण त्याच देशाच्या सरकारला २०१९ मध्ये परदेशी कामगारांसाठी नवा व्हिसा काढावा लागला, आणि त्यात खाणावळींचं काम घालावं लागलं. कारण माणूस मिळेना. भाषण कितीही तापवा, रात्री नऊ वाजता वाडगा पुढं कुणीतरी ठेवावा लागतो.

आता एकजण म्हणणार, "पण तिकडं नियम कडक असतात, इथं कसलं तेल वापरतात बघा." अगदी बरोबर. बघाच. स्टँडवरच्या प्रत्येक गाडीचं तेल तपासा, पाणी तपासा, परवाना तपासा. मोमोवाल्याचं तपासा आणि त्याच्या शेजारच्या वडापाववाल्याचंही तपासा, जो आपला आहे म्हणून त्याची कढई आजवर कुणी बघितली नाही. (वडापावातलं बटाटा, मिरची, पाव यांपैकी मूळ इथलं काय, ते आत्ता काढत नाही. पोस्ट लांबेल.)

पण मी तो मसुदा दोनदा वाचला. त्यात तेल हा शब्द नाही. पाणी नाही, परवाना नाही, रहदारीचा अडथळाही नाही. फक्त 'बाहेरचे' आहे, चार वेळा.

माझ्याकडंही तो सहीला आला होता. मी केली नाही. तेला-पाण्याचा, सगळ्या गाड्यांना एकच नियम लावणारा अर्ज लिहून आणा. पहिली सही माझी असेल आणि मुख्याधिकाऱ्यांकडं द्यायलाही मीच येतो.