पावती आणि पोच

रेल्वेचे जंक्शन आणि फुलशेती यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या मुदखेडसारख्या तालुक्याच्या गावचा लहान विक्रेताही आज ऑनलाइन बाजारातून पुण्या-मुंबईच्या ग्राहकास आपला माल विकू शकतो, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु ‘पार्सल मिळालेच नाही’ असे ग्राहकाने कळविले, की या विक्रेत्याची स्थिती केविलवाणी होते. त्याच्या हाती असते ती माल टपालात दिल्याची पावती. तो योग्य हाती पडल्याची पोच नव्हे. या दोहोंमधील अंतरात त्याचा माल आणि पैसा दोन्ही बुडतात.

वस्तुतः कायदा त्याच्या विरुद्ध नाही. १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या ३९ व्या कलमान्वये, करारानुसार माल वाहकाच्या स्वाधीन झाला की तो ग्राहकाच्याच स्वाधीन झाला, असे प्रथमदर्शनी मानावयाचे असते. ऑनलाइन बाजाराच्या शर्ती मात्र पुष्कळदा सारा भार विक्रेत्यावर टाकतात. टपालखात्याकडे दाद मागावी, तर २०२३ च्या टपाल कायद्याने खात्याचे दायित्व नियमांत सांगितले असेल तेवढ्यापुरतेच ठेवले आहे.

ग्राहक लबाडच असतो, असे आमचे म्हणणे नाही. बहुमजली इमारतीच्या पहारेकऱ्याकडे ठेवलेले पार्सल ‘पोचले’ म्हणून नोंदले जाते आणि ग्राहक खरोखरच वाट पाहत बसतो. दोघेही प्रामाणिक, आणि तरीही तंटा! मग निवाडा करावयाचा तो कशाच्या आधारे?

२०२५ साली रजिस्टर्ड टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून प्रत्येकी पाच रुपये व त्यावरील कर भरून स्पीड पोस्टाची नोंदणी करण्याची, किंवा ओटीपी घेतल्यावरच वस्तू हाती देण्याची सोय झाली आहे. विक्रेत्यांनी हे पाच रुपये वाचवू नयेत. किमती वस्तूचा विमाही उतरवावा. पण एवढ्याने भागणार नाही. पार्सल कोणी, केव्हा आणि कोठे घेतले, याची नोंद विक्रेत्याने मागताच त्यास मिळाली पाहिजे. आणि ती पाहिल्यावाचून विक्रेत्याची रक्कम परस्पर ग्राहकास परत करण्याची मुभा कोणत्याही ऑनलाइन बाजारास असता कामा नये.

पोस्टमनच्या शब्दावर गावाने विसंबावे, एवढी पुण्याई टपालखात्याने पिढ्यान्‌पिढ्या जोडली आहे. परंतु एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या माणसांचा व्यापार शब्दावर चालत नाही. त्यास पुरावा लागतो. तो देणे ही मेहेरबानी नसून, घेतलेल्या दामाचा तो मोबदला आहे.