एकट्याचा सौदा, मालकाचा भाव

बंगळूरच्या बेळ्ळंदूर परिसरातील काचेच्या इमारतींत श्रमशक्तीचा बाजार भरतो. मुलाखतीच्या अखेरीस उमेदवाराला विचारले जाते : सध्याचा पगार किती, अपेक्षा किती? पाठोपाठ जुन्या पगाराची पावती मागितली जाते. त्या जागेसाठी राखलेली रक्कम मालकाला ठाऊक असते. उमेदवाराला मात्र शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याचा पगारही कळू दिला जात नाही. एकदा स्वस्तात राबलेला माणूस पुढेही त्याच आकड्याने तोलला जातो.

अशा स्थितीत ‘वाटाघाटीचे कौशल्य शिका’ हा उपदेश म्हणजे विषमतेवर घातलेले पांघरूणच होय. मुंबईत एकाच कामाला गिरणीगणिक निराळा दर असे. गिरणी कामगारांनी तो प्रश्न वाक्चातुर्याने सोडवला नाही. १९२८ चा सहा महिन्यांचा संप आणि त्यानंतरचे लढे यांतून अखेर १९४७ साली औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने वेतनाचे प्रमाणीकरण झाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यानेही २०१६ साली कायदा करून, नोकरी देऊ करण्यापूर्वी जुना पगार विचारण्यास मालकांना मनाई केली.

कर्नाटकात माहिती-तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांची संघटना २०१७ साली उभी राहिली. २०२४ साली चौदा तासांच्या दिवसाच्या प्रस्तावाविरुद्ध ती रस्त्यावर उतरली. वेतनश्रेणी जाहिरातीतच छापा, जुन्या पगाराची चौकशी व गुप्ततेची अट रद्द करा, या मागण्या आता पुढे आल्या पाहिजेत. पुण्या-सोलापुराहून तेथे गेलेल्या मराठी तरुणांनी आजोबांच्या गिरणीतला हा धडा विसरता कामा नये : संगणकापुढे बसणाराही वेतनावर जगणारा कामगारच आहे आणि त्याचे बळ संघटनेतच आहे.