पतीचे अज्ञान आणि गर्भिणीचे प्राण

बाळंतपण ही सर्वस्वी बायकांची बाब असून तीत पुरुषाने लक्ष घालणे अशोभनीय आहे, हा समज आपल्या समाजात इतका खोल रुजला आहे की, त्याविरुद्ध बोलणाऱ्यावरच आपली बाजू सिद्ध करण्याचा भार येऊन पडतो. तो भार मी उचलतो. कारण सौंसर तहसिलीतील बोरगावसारख्या गावी, जेथे एका अंगाला संत्र्याचे बगीचे व कपाशीची शेते आणि दुसऱ्या अंगाला औद्योगिक क्षेत्रातील कारखाने आहेत, व जेथला कर्ता पुरुष दिवसाचा, पाळी आल्यास रात्रीचाही, बहुतेक वेळ घराबाहेर काढतो, तेथे हा समज प्राणघातक ठरू शकतो. नमुना नोंदणी पाहणीच्या २०१८–२० च्या आकड्यांप्रमाणे दर एक लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ माता दगावल्या, तर मध्यप्रदेशात १७३. राज्याच्या सरासरीवरून एका तहसिलीची स्थिती काढणे न्याय्य नाही, हे मी जाणतो; तथापि १९५६ च्या पुनर्रचनेनंतर मध्यप्रदेशात राहिलेल्या या मराठी मुलखाने, ज्याच्या सोयरिकी आजही काटोल, नरखेड, सावनेरकडे होतात, या दोन आकड्यांमधील अंतर स्वस्थपणे पाहत बसावे असे नाही.

विरोधकांचा पहिला आधार परंपरेचा. पण परंपरेचे दप्तर उघडून पाहावे तर साक्ष उलट मिळते. सीमंतोन्नयन हा गर्भिणीचा संस्कार. त्यात तिच्या केसांचा भांग पाडण्याचे कृत्य शास्त्राने सासूकडे किंवा नणंदेकडे न देता प्रत्यक्ष पतीकडे दिले आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात तर, काठोकाठ तेलाने भरलेले पात्र न हिंदकळता न्यावे तसा गर्भिणीचा सांभाळ करावा, असे सांगितले आहे. आणि हा सांभाळ केवळ स्त्रियांनी करावयाचा, असे तेथे म्हटलेले नाही. संस्कार मागे पडला, डोहाळजेवण तेवढे उरले, आणि त्या दिवशी पुरुषाने ओसरीवर बसावे ही अलीकडची वहिवाट आपण सनातन धर्म म्हणून चालवू लागलो.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. गावात आशाताई आहे, नर्सबाई आहे, रुग्णालय आहे; मग नवऱ्याने वैद्यक शिकण्याचे कारण काय? आशाताईंच्या श्रमांविषयी मला नितांत आदर आहे. पण त्या प्रत्येक घरी रात्री बारा वाजता हजर नसतात. एक प्रसंग घ्या: गर्भिणीचा आठवा महिना सरत आलेला. दोन दिवसांपासून चेहरा सुजलेला, काचेच्या बांगड्या मनगटात रुतू लागलेल्या. संध्याकाळपासून डोके ठणकते आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात. घरात कोणी म्हणते पित्त झाले, सुंठ उगाळून कपाळाला लावा. कोणी म्हणते नजर लागली. कामावरून आलेला नवरा हे ऐकतो आणि बायकांचे बायका पाहून घेतील म्हणून जेवून झोपतो. पहाटे झटके येतात. वस्तुतः ही सारी वाढलेल्या रक्तदाबाची, पूर्वआकडीची लक्षणे होत. झटके येण्यापूर्वी ती स्त्री रुग्णालयात पोहोचली असती, तर रक्तदाबाचे औषध आणि मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन यांनी पुढचा अनर्थ बहुधा टळला असता. थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासिकांनी १९९४ साली मातामृत्यूच्या मुळाशी असलेल्या विलंबांचे तीन टप्पे मांडले: निर्णय घेण्यास विलंब, रुग्णालयी पोहोचण्यास विलंब, आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यास विलंब. तिसरा सरकारच्या माथी आहे व त्याचा जाब सरकारला विचारलाच पाहिजे. दुसरा रस्त्याचा व वाहनाचा. परंतु पहिला घराच्या उंबरठ्याआत घडतो, आणि आपल्या घरांतून निर्णयाची, पैशाची व गाडीची मुखत्यारी अद्याप पुरुषाच्या हाती आहे. ज्याच्या हाती निर्णय, त्याच्याच ठायी अज्ञान, ही स्थिती मला असह्य वाटते.

तिसरे म्हणणे असे की, लक्षणे शिकविली तर पुरुष घाबरे होतील, उठल्यासुटल्या रुग्णालयाकडे धावतील. धावोत! १ जून २०११ पासून सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये सरकारी रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, गरज पडल्यास रक्त, तसेच घरून नेणे, मोठ्या रुग्णालयात हलविणे व परत घरी पोहोचविणे, हे सर्व मोफत आहे. निष्कारण धावलेल्याची एक रात्रीची झोप जाते. न धावलेल्याचे काय जाते? प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात उपचारावाचून दोन तासांतही प्राण जाऊ शकतो. आणि हिमोग्लोबिन सातच्या खाली असलेल्या अशक्त स्त्रीला तर इतरांना सोसवणारा रक्तस्रावही सोसवत नाही.

पहिले बाळंतपण माहेरी होते, सबब नवऱ्याचे ज्ञान निरुपयोगी, हा युक्तिवाद फार वेळ घेण्याजोगा नाही. माहेरी जाते ती बहुधा सातव्या महिन्यानंतर. तोवरचे महिने सासरचेच, आणि दुसरे बाळंतपणही अनेकदा सासरचेच.

खरा विचार करण्याजोगा आक्षेप स्त्रीस्वातंत्र्याच्या कैवाऱ्यांकडून येतो. त्यांचे म्हणणे असे की, पतीला जाणकार केल्याने त्याची सत्ता आणखी दृढ होईल आणि दुखते मला, पण ठरवितो तो, ही रीत पक्की होईल. या भीतीत तथ्य आहे, म्हणून मी स्पष्ट सांगतो की, पतीचे हे ज्ञान परवानगी देण्यासाठी नव्हे, तर परवानगीची गरजच उरू नये यासाठी आहे. पत्नीने "मला बरे वाटत नाही" म्हणताच ज्याला त्या शब्दांचा अर्थ कळतो, तो तिच्या शब्दाला वजन देतो. ज्याला कळत नाही, तो आईचा, शेजाऱ्याचा नि देवऋषीचा सल्ला विचारीत बसतो. काठमांडूत एका प्रयोगात काही गरोदर स्त्रियांना एकट्याने व काहींना पतीसमवेत आरोग्यशिक्षण देण्यात आले होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत पतीसमवेत शिकलेल्या स्त्रिया प्रसूतीनंतरच्या तपासणीस एकट्या शिकलेल्यांहून अधिक प्रमाणात आल्या. त्या प्रयोगाने मृत्यू टळल्याचे सिद्ध केले नाही, आणि मीही तसा दावा करीत नाही. पण पतीला शिकवून पत्नी दुबळी होते, ही भीती मात्र त्याने खरी ठरविली नाही.

आणि शिकावयाचे तरी किती? अंगावरून रक्त जाणे, असह्य डोकेदुखी व अंधारी, तोंडाला-हातांना सूज, झटके, कडक ताप, बाळाची हालचाल मंदावणे, कळांपूर्वीच पाणी जाणे, बारा तासांवर लांबलेल्या कळा, मूल झाल्यावर अर्ध्या तासात वार न पडणे, आणि बाळंतिणीचा न थांबणारा रक्तस्राव. शेतातल्या प्रत्येक कीडरोगाची लक्षणे ज्याला तोंडपाठ, त्याला ही दहा लक्षणे जड जाऊ नयेत. यांपैकी बरीच चित्रांसह माता-बाल संरक्षण कार्डावर छापलेली आहेत. ते कार्ड पत्नीच्या पेटीत घडी करून पडलेले असते आणि नवऱ्याने ते हातात घेतलेले नसते.

बोरगावच्या ज्या घरी आज गरोदर स्त्री आहे, त्या घरच्या पुरुषाला माझी विनंती आहे: दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्यकेंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, येत्या ९ तारखेला कामावर रजा टाकून पत्नीसोबत जावे, कार्डावर लाल स्टिकर लागले असल्यास त्याचा अर्थ डॉक्टरांना विचारावा, तिचा रक्तगट लिहून घ्यावा, आणि १०८ ची गाडी न आल्यास कोणाची गाडी मिळेल हे त्याच संध्याकाळी त्या गाडीवाल्याशी बोलून ठरवावे.