अंतराची सबब

भिलाईत चार मराठी अधिकारी एकत्र बसले आणि गोष्ट वाङ्मयाकडे वळली, की एक सुस्कारा हमखास ऐकू येतो : पुण्यामुंबईस असतो तर एखादी कादंबरी हातून झाली असती, येथे ना वातावरण, ना प्रकाशक. आम्हांस ही तक्रार मुळीच मान्य नाही. ही अडचण नव्हे, सबब आहे.

वातावरणाचेच पाहू. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि भाताच्या खाचरांतून एक नगर उभे राहिले. नाना प्रांतांची माणसे एका सेक्टरात शेजारी झाली. दल्ली-राजहऱ्याच्या खाणकामगारांना संघटित करणारे शंकर गुहा नियोगी यांचा २८ सप्टेंबर १९९१ रोजी याच भिलाईत खून झाला. इतके नाट्य अंगणात असता आमच्या होतकरू कादंबरीकाराच्या वहीत मात्र सदाशिव पेठेतला वाडा आणि त्यातील विधवा आत्याच नांदत असते! जो वाडा त्याने सुटीत चार दिवस पाहिला, त्याचे चित्र उसने निघाले तर नवल ते काय?

शेजारच्या राजनांदगावात जन्मलेल्या विनोदकुमार शुक्लांनी एका सामान्य कारकुनाच्या जिण्यावर ‘नौकर की कमीज’ (१९७९) लिहून हिंदी कादंबरी समृद्ध केली. कचेरी आम्हांसही होती. पाहणारी दृष्टी नव्हती.

कोणी म्हणेल, श्री. ना. पेंडशांनी मुंबईत ‘बेस्ट’ची नोकरी करीत कोकणावर ‘गारंबीचा बापू’ (१९५२) लिहिलीच ना? लिहिली; कारण ते कोकण त्यांनी बालपणी जगलेले होते. दूरचे लिहू नये असे नव्हे. न जगलेले लिहू नये. शिवाय नोकरीची सबबही या उदाहरणाने निकालात निघते.

आता प्रकाशकांविषयी. तीन प्रकरणे लिहून अभिप्राय मागणाऱ्यास कोण दाद देणार? आधी कादंबरी पुरी करावी, सहा महिने बाजूस ठेवावी, मग निर्दयपणे कापावी. कोणता प्रकाशक कोणत्या वळणाचे लेखन काढतो, हे त्याची पुस्तके वाचून ठरवावे. स्वच्छ प्रत पाठवावी, एक जवळ राखावी. पुस्तक भिलाईहून आले की पुण्याहून, हे पाकिटावर दिसते, पानावर नव्हे. ग्रॅच्युइटीचे पैसे ओतून स्वतःच पुस्तक छापवून घेण्याची घाई मात्र करू नये. अशा प्रती पलंगाखाली वाळवीच्या कामी येतात.

आणि भाषा? आपल्या घरांत बोलली जाणारी हिंदी-छत्तीसगढीमिश्रित मराठी धुऊनपुसून पुणेरी करण्याचा सोस सोडावा. बोलीची लय कादंबरी पेलते, हे ‘कोसला’ने १९६३ सालीच दाखवून दिले आहे.

झोतभट्टी एकदा पेटविली की रात्रंदिवस चालू ठेवावी लागते, लेखनाचेही तसेच. रोज एक पान लिहावे. आपली मुले हिंदी-इंग्रजीत शिकून चहूकडे पांगली आहेत. आपले आईबाप या पोलादनगरीत कसे जगले, हे उद्या त्यांना मराठीत वाचावेसे वाटले, तर त्यांच्या हाती आपण काय देणार? बदलीचे हुकूम?