कोणती अडचण सोसावी, कोणती दूर करावी?

छंदाला उपयोगाचा हिशेब विचारू नये, असे आपण म्हणतो. पण छंद संगणकाचा असला की तो हिशेब पहिल्याच वाक्यात विचारला जातो. भीमानगर, कंदर, वाशिंबे, केत्तूर अशा उजनी धरणाकाठच्या गावांतील आम्ही काही जण आपापली नोकरी, शेती वा दुकान सांभाळून सायंकाळी संगणकाच्या आज्ञावली लिहितो. 'पायथॉन' शिकतो म्हटले की ऐकणारा समाधानाने मान डोलावतो. 'एरलँग' शिकतो म्हटले की प्रश्न येतो, "त्याने काय मिळणार?" या प्रश्नाचे उत्तर देणे कठीण नाही. कठीण आहे ते अशी अल्पपरिचित भाषा मराठी माणसाने एकट्याने शिकणे. त्या कठीणपणाचा विचार निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत व्हावा, असे आम्हांस वाटते.

एरलँगचा जन्म स्वीडनमधील एरिक्सन कंपनीच्या प्रयोगशाळेत १९८६ च्या सुमारास झाला. जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स हे तिचे आद्य शिल्पकार. टेलिफोन केंद्र एक क्षणही बंद पडता कामा नये, या गरजेतून ती घडली. तिच्यात एक मोठे काम अनेक लहान, स्वतंत्र प्रक्रियांत वाटले जाते. कोणतीही प्रक्रिया दुसरीच्या स्मृतीला हात लावत नाही. त्या एकमेकींना केवळ निरोप धाडतात. एखादी कोसळली तर तिच्यावर देखरेख करणारी प्रक्रिया तिला पुन्हा उभी करते आणि बाकीचे काम चालू राहते. १९९८ साली ही भाषा सर्वांसाठी मुक्त झाली. ज्या व्हॉट्सॲपवरून आज मासळीचा भाव आणि ऊसतोडीचा निरोप गावोगाव फिरतो, त्याच्या उभारणीचा पाया हीच भाषा आहे. म्हणजे ती अल्पपरिचित असली तरी आपल्या जगण्यापासून दूर नाही.

सरावासाठी आम्ही घरचेच गणित निवडले. उजनीत ६३.६६ टीएमसी मृतसाठा आणि त्यावर ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा धरला जातो. एकूण साठ्यातून मृतसाठा वजा करून उरलेल्या आकड्याला ५३.५७ ने भागले की टक्केवारी मिळते. साठा ४० टीएमसीवर उतरला तर उत्तर येते उणे ४४ टक्के. हे उणे आकडे या परिसरातील लहान मुलांनाही पाठ असतात. एवढेसे गणित एरलँगमध्ये बसवताना ज्या अडचणी आल्या, त्या दोन प्रकारच्या होत्या, आणि आमचे सारे म्हणणे या दोन प्रकारांतील भेदावर उभे आहे.

पहिल्या प्रकारची अडचण भाषेच्या विचारातून येते. एरलँगमध्ये एखाद्या नावाला ४० ही किंमत एकदा दिली की त्याच नावाला पुढच्या ओळीत ४१ देता येत नाही. तेथे बरोबरीचे चिन्ह 'डावी-उजवी बाजू जुळते का?' असे विचारते. न जुळल्यास काम तेथेच थांबते. इतर भाषांची सवय असलेला माणूस यावर वैतागतो. पण धरणाच्या नोंदवहीत कालचा आकडा खोडून त्यावर आजचा लिहीत नाहीत. आजच्यासाठी नवी ओळ घेतात. हे ध्यानात आले की वैताग ओसरतो आणि आपल्या नकळत आकडा बदलणार नाही, याचा भरवसा वाटू लागतो. अशी अडचण सोसावी. ती शिकवून जाते.

दुसऱ्या प्रकारच्या अडचणी काहीच शिकवत नाहीत. एरलँगमध्ये बदलत्या किमतीचे नाव इंग्रजी मोठ्या अक्षराने वा अधोरेषेने सुरू व्हावे लागते. लहान अक्षराने सुरू झाल्यास त्याचा अर्थच पालटतो. आपल्या बाराखडीत मोठे अक्षर आणि लहान अक्षर असा भेद मुळात नाही, आणि ही नावे देवनागरीत लिहिण्याची सोयही नाही. त्याहून विचित्र अनुभव पुढे येतो. एरलँगच्या खिडकीत 'उजनी' हा शब्द अवतरणचिन्हांत लिहिला तर सहसा उत्तरादाखल २३१३, २३३२, २३४४, २३६८ असे चार आकडे दिसतात. हे उ, ज, न आणि दीर्घ वेलांटी यांचे युनिकोड क्रमांक. भाषेच्या लेखी अक्षरमाला म्हणजे अंकांची यादी. भाषा सुरू करतानाच एक छोटी सूचना दिली की शब्द शब्दासारखा दिसू लागतो. स्वल्पविराम, अर्धविराम आणि पूर्णविराम यांची कामेही अशीच एका वाक्यात सांगण्याजोगी आहेत: स्वल्पविरामाने पुढची पायरी, अर्धविरामाने दुसरा पर्याय, पूर्णविरामाने समाप्ती. हे एक वाक्य मराठीत कोणी सांगत नाही, म्हणून कित्येक सायंकाळी खर्ची पडतात.

"सोसल्यावाचून विद्या येत नाही" असे यावर म्हटले जाईल. ते अर्धेच खरे आहे. विचार समजून घेताना होणारे कष्ट विद्येचे असतात. सांगणारा नसल्यामुळे होणारे कष्ट उपेक्षेचे असतात. दोहोंना एकाच नावाने गौरवले तर उपेक्षेलाच पुण्य चढते. घरात पहिल्यांदाच संगणकासमोर बसलेले मूल अडले की "आपली बुद्धीच तोकडी" असा निष्कर्ष काढते. अडचण बुद्धीची नव्हती, एका सूचनेची होती, हे त्याला कळतच नाही. उजनी उणे टक्क्यांत गेली म्हणजे धरण कोरडे पडले असे नव्हे. मोजमापाचे शून्यच ६३.६६ टीएमसीवर मांडलेले असते. आपल्या मुलांच्या समजुतीचे शून्यही इंग्रजीच्या रेषेवर मांडले गेले आहे. त्या रेषेखाली पुष्कळ पाणी आहे.

मराठीतून संगणक शिकवता येत नाही, हा समज मुंबईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने खोटा ठरवला आहे. पायथॉन, सी, सायलॅब अशा विषयांचे पाठ तेथे मराठी निवेदनासह विनामूल्य मिळतात. एरलँगसाठी असे बोट धरणारे कोणी आम्हांला मराठीत भेटले नाही. चरितार्थासाठी आधी प्रचलित भाषा शिकावी, हे आम्हांसही मान्य आहे. पण एकच भाषा जाणणारा तिच्या सवयींनाच संगणकाचे नियम समजू लागतो. दुसरी, वेगळ्या घडणीची भाषा त्याला त्या सवयी पाहायला लावते. ती मोठी बाजारपेठ असलेलीच हवी, असे नाही.

म्हणून आमची सूचना लहान आणि बिनखर्चाची आहे. निवासी विद्यालयाजवळ एक गोष्ट अशी आहे की जी आम्हां विखुरलेल्या छांदिष्टांजवळ नाही: सायंकाळची सोबत. आठवड्यातील एक तास अशा एखाद्या अल्पपरिचित भाषेला द्यावा आणि त्या तासासाठी एक 'अडचण-वही' ठेवावी. संगणकाने दिलेला चुकीचा संदेश जसाच्या तसा उतरवावा. खाली मराठीत त्याचा अर्थ, कारण आणि उपाय लिहावा. ज्याला उपाय सापडला त्यानेच तो लिहावा, मग तो सातवीतला असो की दहावीतला. पुढच्या वर्षीच्या मुलांनी वही तेथून पुढे न्यावी. काही वर्षांत तयार होईल ते त्या भाषेचे मराठी पाठ्यपुस्तकच असेल. वहीच्या पहिल्या पानासाठी लागणारी नोंद आमच्याजवळ तयार आहे: 'उजनी' लिहिल्यावर चार आकडे दिसले तर घाबरू नये, शब्द हरवलेला नाही.